भिवंडीत हळू वाजवताना

"घरी गिटार वाजवायला स्टुडिओ मॉनिटर घ्यायचेत, कुठले घेऊ?" हा प्रश्न हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. विचारणारा बहुतेक वेळा आपल्यातलाच असतो. कॉलेजात गिटार शिकलेला, नोकरी लागल्यावर पाच-सात वर्षं ती कपाटावर टाकलेली, आणि आता हातात थोडे पैसे आल्यावर पुन्हा तारा बदललेला. प्रश्नाबरोबर दोन आकडे तयार असतात: किती इंच आणि किती वॉट. पाच इंची की आठ इंची? सत्तर वॉट पुरतील ना?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायचं नाही ते सुटतील. लहान घ्या. साडेतीन ते पाच इंचांपलीकडे जाऊ नका. वॉटचा आकडा तर बघूच नका. उरलेले पैसे स्टँडवर, केबलवर आणि खोलीवर घाला. आणि दुकानात जायच्या आधी एकच गोष्ट शोधून काढा: ज्या भिंतीमागे तुम्ही वाजवणार, त्या भिंतीपलीकडे कोण झोपतं आणि कधी झोपतं. मॉनिटरची निवड निम्मी तिथेच होते.

आता हे भिवंडीतून लिहितोय म्हटल्यावर काही जणांना हसू येईल. यंत्रमागांच्या गावात शांतता? मागाच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या वर असतो, कित्येकदा शंभरच्या आसपास. आत बोलायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं, नाहीतर हातवारे. (इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांमधल्या बायकांनी ओठांच्या हालचालींवरून बोलायची एक वेगळी रीतच तयार केली होती. आवाजाचा त्रास जगात सगळीकडे सारखाच.) जुन्या गल्ल्यांमधून जाताना धोट्याचा खडखडाट तुमच्याबरोबर चालत राहतो. एक माग बंद पडला तर दुसरा चालू असतो. मग कुणीही म्हणेल, अरे इथे एवढा गोंगाट असताना तुझ्या गिटारनं काय फरक पडणार?

हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय आणि तो मला पटत नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं असं की सतत चालणारा आवाज आणि मधूनच येणारा आवाज यांत कान फरक करतो. पंख्याखाली झोपणाऱ्याला पंख्याचा आवाज त्रास देत नाही, उलट पंखा बंद झाला की जाग येते. माग चालू असला की तो एकसुरी चालतो. गिटारवाला मात्र एकच तुकडा अकरा वेळा वाजवतो, बाराव्यांदा चुकतो, थांबतो, पुन्हा सुरुवातीपासून धरतो. हे ऐकत झोपणं म्हणजे शिक्षा आहे. शिवाय मागांना सुट्टी असते त्या दिवशी गाव इतकं शांत होतं की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही मोजता येते. आणि आपला सरावही नेमका सुट्टीच्याच दिवशी असतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. इथे रात्र एकाच वेळी होत नाही. यंत्रमागावर बहुतेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो, भिसीत जेवतो (बाहेरगावच्या कामगारांच्या खाणावळीला इथे भिसी म्हणतात) आणि दुपारपर्यंत झोपतो. कित्येक खोल्या अशा आहेत की एक पाळी उठून गेली की त्याच जागेवर दुसरी येऊन झोपते. म्हणजे शनिवारी सकाळी अकरा वाजता, तुम्हाला "आता वाजवायला काय हरकत आहे" असं वाटत असताना, भिंतीपलीकडे कुणाची तरी मध्यरात्र चालू असू शकते.

कायदा यात अर्धाच उपयोगी पडतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. खाजगी जागेतल्या साउंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबलनं जास्त असू शकतो. आकडे ठीक आहेत. पण नियमांच्या घड्याळात रात्रपाळीचा माणूस नाही. ते घड्याळ आपणच लावायचं आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. हळूच वाजवायचं तर सरळ गिटार ॲम्पचा आवाज कमी का करू नये? मॉनिटर कशाला?

थोडं गणित करू. गिटार ॲम्पमधले स्पीकर अतिशय कार्यक्षम असतात. सेलेस्टियनचा प्रसिद्ध व्हिंटेज ३० घ्या. त्याला एक वॉट दिला की एक मीटरवर १०० डेसिबल आवाज येतो. एक वॉट! म्हणजे तुमचा एक वॉटचा "बेडरूम ॲम्प" पूर्ण उघडला तर घरात मागाची शेड तयार होते. आपल्याला हवा आहे साधारण बोलण्याइतका आवाज, म्हणजे ६० डेसिबलच्या आसपास. १०० वरून ६० म्हणजे ४० डेसिबल कमी, आणि दर १० डेसिबलला शक्ती एक दशांश होते. हिशेब केलात तर उत्तर येतं एका वॉटचा दहा हजारावा भाग. व्हॉल्व्ह ॲम्पची सगळी मजा तो जोरात चालवला की येते. एवढ्या कमी शक्तीवर तो नुसताच जागा असतो, गात नाही. आवाज अडवणारे अटेन्युएटर मिळतात, पण स्पीकर एवढ्या हळू हलताना तसा वागत नाही, ते नाही म्हटलं तरी जाणवतं.

म्हणून आपल्यासारख्यांसाठी दुसरा रस्ता. गिटार ऑडिओ इंटरफेसमध्ये, तिथून संगणकात, संगणकात ॲम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, आणि त्याचा आवाज मॉनिटरमधून. ॲम्पची "जोरात चालवलेली" चव सॉफ्टवेअर तयार करतं, आणि ती किती हळू ऐकायची ते तुम्ही ठरवता. न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखं सॉफ्टवेअर तर मुक्त स्रोत आहे, फुकट मिळतं. विलंबाची भीती अनेकांना असते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सँपलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाता-येता आणि वरची किरकोळ भर धरली तरी चांगल्या ड्रायव्हरवर बोटांना कळत नाही. ॲम्पपासून दोन-तीन मीटरवर उभं राहिलात तर हवेतूनच सहा ते नऊ मिलिसेकंद जातात, त्याची कुणी तक्रार करत नाही.

इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो, तो मिटवून पुढे जाऊ. मॉनिटर हा गिटारचा स्पीकर नाही. गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक सगळं गाळून टाकतो, आणि आपल्याला सवय त्या गाळलेल्या आवाजाची आहे. मॉनिटर काहीच गाळत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये ॲम्पपुढे कॅबिनेटची नक्कल लावली नाहीत तर डिस्टॉर्शन मधमाशांच्या पोळ्यासारखं ऐकू येतं, आणि लोक मॉनिटरला शिव्या घालतात. यामाहाचा एनएस-१० आठवा. १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आला आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंमध्ये मिक्सरच्या डोक्यावर जाऊन बसला. २००१ साली त्याचं उत्पादन बंद झालं. तो गोड वाजायचा म्हणून कुणी ठेवला नाही. रेकॉर्डिंगमध्ये काय बिघडलंय ते तो लपवत नसे, म्हणून ठेवला. मॉनिटरकडून अपेक्षा तेवढीच ठेवायची.

आता भिंत.

विटांची भिंत सगळे आवाज सारखे अडवत नाही. साधा नियम असा की कंपनसंख्या दुप्पट झाली की भिंत साधारण ६ डेसिबल जास्त अडवते. वजन दुप्पट केलं तरी तेवढाच फायदा. म्हणजे पिकचा कट-कट आवाज, वरच्या तारांची चकाकी, हे सगळं भिंतीच्या या बाजूलाच राहतं. पलीकडे जातो तो खर्ज. दोन घरांमधली साडेचार इंची भिंत असेल तर अजूनच. तुम्हाला तुमच्या खोलीत सुरेल गाणं ऐकू येतं, शेजाऱ्याला त्यातलं फक्त धम-धम. डीजेच्या मिरवणुकीत घराच्या काचा का थरथरतात, आणि दूरवरून गाणं ओळखू न येता फक्त ठोका का ऐकू येतो, त्याचंच हे छोटं रूप.

आता याला जोडून दुसरी गोष्ट. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केल्यानं जो बहिरेपणा येतो तो सगळीकडे एकसारखा येत नाही. तो ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होतो, साधारण ४ किलोहर्ट्झला सगळ्यात खोल. खालचे स्वर बराच काळ शाबूत राहतात. म्हणून अशा माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. "स" आणि "श" गळून पडतात.

या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. भिंत वरचे स्वर अडवते आणि खर्ज सोडते. मागावर वीस-तीस वर्षं काढलेला कान वरचे स्वर हरवतो आणि खर्ज राखतो. म्हणजे तुमच्या गिटारमधला जो भाग भिंतीतून जातो, नेमका तोच भाग त्या माणसाला नीट ऐकू येतो. "त्यांना काय, त्यांना तसंही कमी ऐकू येतं" हे वाक्य भिवंडीत सहज फेकलं जातं. भौतिकशास्त्राच्या हिशेबानं ते साफ उलटं आहे.

आमच्या मजल्यावर बाजूच्या घरात एक चाचा राहतात. आयुष्यभर माग चालवला, अजूनही अधूनमधून रात्रपाळी करतात. एका मित्राची आठ इंची जोडी मध्यंतरी दोन दिवस माझ्याकडे होती, तेव्हा म्हटलं तुलना करून बघू. चाचांना विचारलं, तुमच्या खोलीत बसून ऐकाल का जरा? ते आधी म्हणाले, "बजाओ बेटा, हमको तो वैसे भी कम सुनाई देता है." तरी बसले. मी नेहमीच्या आवाजात पाच मिनिटं वाजवून त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "गाना तो समझ में नहीं आया, वो मोटा वाला तार आ रहा था. इधर, खाट में." मग माझी लहान जोडी, खर्जाचं बटण खाली केलेलं, आवाज माझ्या कानाला तेवढाच. या वेळी म्हणाले, "शुरू किया क्या?" हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण मॉनिटर निवडताना मला जेवढी माहिती हवी होती तेवढी त्या दोन वाक्यांत मिळाली.

इथे हुशार वाचक आडवा येईल. खर्ज कमी केला तर मला माझी गिटार पातळ नाही का ऐकू येणार? येईल. आणि हळू आवाजात तर जास्तच येईल, कारण आपला कानही यात सामील आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज जितका हळू, तितका कान खर्जाला जास्त बहिरा. आज यावर आयएसओ २२६ हे मानक आहे. त्यातले आकडे बोलके आहेत. १००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबलला वाजत असेल, तर १०० हर्ट्झचा स्वर तेवढाच मोठा वाटायला सुमारे ९२ डेसिबल लागतात. म्हणजे १२ जास्त. तोच १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलवर आणला, तर १०० हर्ट्झला सुमारे ६४ लागतात. म्हणजे २४ जास्त. आवाज कमी करत गेलात की खर्ज तुमच्या कानातून आपोआप पळतो.

मोह इथेच होतो. पातळ वाटतंय म्हणून माणूस खर्ज वाढवतो, नाहीतर मोठा वूफर आणतो. आणि आपल्याला कमी पडणारा तो खर्ज शेजाऱ्याच्या खाटेत जाऊन पोचतो. आठ इंची मॉनिटरच्या हट्टामागे बहुतेक वेळा हेच असतं. यावर तीन उपाय आहेत, तिन्ही फुकट.

एक, जवळ बसा. मॉनिटर आणि तुमचं डोकं यांतलं अंतर दीड मीटरवरून पाऊण मीटरवर आणलंत की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो. म्हणजे नॉब तेवढा खाली आणता येतो, आणि भिंतीकडे जाणारी शक्ती एक चतुर्थांश होते. कानाला फरक नाही, शेजाऱ्याला भरपूर. लहान मॉनिटर एवढ्या जवळून ऐकायलाच बनवलेले असतात. आठ इंचीचा वूफर आणि ट्वीटर एकमेकांपासून लांब असल्यानं त्यांचे आवाज जुळायलाच जास्त अंतर लागतं.

दोन, कानावर विश्वास ठेवा. गिटारची सगळ्यात खालची मोकळी तार, ई, ८२ हर्ट्झची. पण तारेतून नुसता ८२ निघत नाही, त्याच्या दुप्पट १६५, तिप्पट २४७ असे स्वरही निघतात. मूळ स्वर जवळपास काढून टाकला तरी वरच्या स्वरांच्या अंतरावरून मेंदू तो भरून काढतो. पटत नसेल तर फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून खर्जाची तार ऐका. एवढ्याशा स्पीकरमधून साठ-सत्तर हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नाही, तरी खर्जाचा सा तुम्हाला ओळखू येतो. गवई त्यावर रियाज करतात. मग आपलं काय अडतं?

तीन, सॉफ्टवेअरमध्ये हाय-पास फिल्टर लावा. दिवसा ८० हर्ट्झला, दुसऱ्यांच्या झोपेच्या वेळी १०० किंवा १२० ला. बँडबरोबर रेकॉर्ड करताना गिटारचा खालचा भाग असाही कापतातच, कारण ती जागा बेस गिटारची असते. म्हणजे यात आपण काही त्याग वगैरे करत नाही, रीतीप्रमाणेच वागतो.

आता खोली. आपल्याकडे वाजवायची खोली म्हणजे दहा बाय दहाची बेडरूम. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक स्वर अडकून फुगतात. दहा फुटांच्या अंतरात ते सुमारे ५६ आणि ११२ हर्ट्झला येतात. आणि गिटारची मोकळी ए तार आहे ११० ची! लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्ही दिशांनी तोच स्वर फुगतो. "माझ्या मॉनिटरमध्ये ए वाजवला की घुमतं" ही तक्रार मी जेव्हा ऐकतो तेव्हा आधी खोलीचं माप विचारतो. हा ११२ चा स्वर भिंतीजवळ आणि खोलीच्या बरोबर मध्ये सगळ्यात जास्त असतो, आणि भिंतीपासून अडीच फुटांवर सगळ्यात कमी. त्यामुळे नवीन मॉनिटर घ्यायच्या आधी खुर्ची फूट-दीड फूट पुढे-मागे सरकवून बघा. मॉनिटर सामाईक भिंतीला टेकवू नका, त्या भिंतीला लागलेल्या टेबलावर तर नकोच. खाली जाड रबर किंवा फोम, नाहीतर वेगळे स्टँड. लाकडातून भिंतीत जाणारी थरथर हवेतून जाणाऱ्या आवाजापेक्षा जास्त त्रास देते.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे लावू नका. इंचभर जाडीचा टोकदार फोमही खर्जाला काही करत नाही. ११० हर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटरच्या वर आहे, तिला इंचभर फोम म्हणजे मच्छरदाणी. चार इंच जाडीचं रॉकवूल लाकडी चौकटीत बसवून त्यावर कापड ताणलं तर घुमणं बऱ्यापैकी कमी होतं. आणि कापडाच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कोरं सुती कापड भिवंडीत मिळणार नाही तर कुठे? तोंडाशी धरून फुंकर मारायची. हवा आरपार गेली की कापड चालतं. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि कोपऱ्यात उभी केलेली कापसाची गादीसुद्धा मदत करतात. फक्त एक लक्षात ठेवा. हे सगळं खोलीतल्या खोलीतलं घुमणं कमी करतं. शेजाऱ्याकडे जाणारा आवाज यानं थांबत नाही. तो थांबवायला नॉब आहे.

मग प्रत्यक्ष खरेदीत काय बघायचं?

सगळ्यात आधी हिस्स. मॉनिटर चालू करून काहीही न वाजवता पाऊण मीटरवर बसलं की ट्वीटरमधून बारीक "स्सss" येतो. मोठ्यानं वाजवणाऱ्याला तो कधीच कळत नाही. हळू वाजवणाऱ्याला तो दर विश्रांतीत ऐकू येतो आणि एकदा ऐकला की विसरता येत नाही. दुकानात एसीच्या आवाजात हे तपासता येत नाही, म्हणून परत करायची मुदत असेल अशा ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच रात्री तपासा.

मग मागची बटणं. खर्ज कमी करायची सोय असलेला मॉनिटर घ्या. यामाहाच्या एचएस ५ मध्ये मागे ५०० हर्ट्झच्या खालचा भाग २ किंवा ४ डेसिबलनं कमी करायचं बटण आहे, इतरही अनेकांत वेगळ्या नावानं असतं. ते भिंतीजवळच्या मॉनिटरसाठीच दिलेलं असतं. हवा जाण्याचं भोक मागे असेल तर मॉनिटर भिंतीपासून पुढे ओढावा लागतो. छोट्या खोलीत भोक पुढे असलेला बरा.

आवाज किती खाली नीट येतो तेही बघा. नॉब अगदी खाली असताना काही मॉनिटरांत डावा-उजवा समान राहत नाही, एक आधी बोलतो. दुकानात सांगा की आपण दोघं आरामात बोलू शकू इतका आवाज ठेवा. दुकानदाराला विचित्र वाटेल, कारण दुकानात सगळे मॉनिटर मोठ्यानं ऐकवले जातात आणि मोठ्यानं सगळेच चांगले वाटतात. मुंबईत धोबीतलावच्या बाजूला जाऊन स्वतःच्या गिटारचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेऊन तासभर असं ऐकणं हे जालावरची वीस परीक्षणं वाचण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

किंमत बघताना ती एका नगाची की जोडीची, ते वाचा. एचएस ५ सारखे मॉनिटर एकेक विकले जातात, लहान साडेतीन-चार इंची बहुधा जोडीनं. देशी पर्याय हवा असेल तर कोलकात्याची सोनोडाइन गेली कित्येक वर्षं स्टुडिओ मॉनिटर बनवते, तेही ऐकून बघा. केबल बॅलन्स्ड घ्या आणि सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. आपल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर हळू आवाजात फार पुढे येते, आणि दोष पुष्कळदा मॉनिटरचा नसून सॉकेटचा असतो.

(एक गंमत. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा प्रवास बघितला तर देशभरातल्या लोकांना मध्ये कुठेतरी "भिवंडी" दिसतं. मुंबईची जकात २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली, पण जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून वाढलेली मानकोली-दापोड्याकडची गोदामं राहिली, वाढली. तुमचे मॉनिटर कदाचित घरापासून आठ किलोमीटरवर आधीच येऊन पडलेले असतील. तरी पोचायला दोन दिवस लागतात!)

हेडफोनचं काय, असं विचारणारे असतीलच. हेडफोन जरूर ठेवा, रात्री एकनंतर तोच मार्ग आहे. पण तो पूर्ण उत्तर नाही. कानाशी लागलेल्या आवाजाचा अंदाज राहत नाही, आणि तासाभरात आपण नकळत तो वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्यापुढे आवाज वाढला की तास झपाट्यानं घटतात. दिवसभर मीटिंगसाठी कानात काहीतरी असतंच. शिवाय हेडफोन लावला की घरातला माणूस घरात नसतो. आईनं हाक मारली, दार वाजलं, पोरगं रडलं, काही कळत नाही. हळू आवाजातल्या मॉनिटरचा मोठा फायदा हाच की तुम्ही वाजवताही आणि घरात असताही.

आणि शेवटचं, कुठल्याही माहितीपत्रकात नसलेलं. शेजारी विचारून या. कुणाची कुठली पाळी, कुणाच्या घरात परीक्षा, कुणाकडे तान्हं मूल. मी फ्रिजवर एक कागद लावलाय, त्यावर चाचांच्या पाळीचे आठवडे लिहिलेत. त्यांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात शनिवार-रविवार सकाळऐवजी संध्याकाळी वाजवतो. यात काही थोरपणा नाही. ऑफिसात दुसऱ्या टाइमझोनच्या टीमबरोबर मीटिंग ठरवताना त्यांच्याकडे किती वाजलेत ते आपण न चुकता बघतो. भिंतीपलीकडच्या टाइमझोनला तेवढाच मान दिला, इतकंच.

असो. बरंच लांबलं. थोडक्यात, पाच इंच पुरे, खर्ज खाली, खुर्ची जवळ. या आठवड्यात चाचांची दिवसपाळी आहे, सकाळ मोकळी आहे. जातो वाजवायला.